वास्तुशांतीला आलेली मोळी

अप्पा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर लाकडांची मोळी होती.

मी दारातच उभी होते. खरं तर सकाळपासून काही ना काही निमित्त काढून मी दाराशीच घोटाळत होते. कधी रांगोळी कुणी विस्कटली का ते बघायला, कधी आंब्याचं तोरण सरळ करायला. आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोनदा हटकलं होतं, "गिरिजा, पूजेला बसायचंय तुला. दाराशी काय ठेवलंय?" काय ठेवलंय ते त्यांनाही ठाऊक होतं. माझ्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि माझे वडील अजून माझ्याकडे आले नव्हते. आज आमच्या कळंब्याच्या नव्या घराची वास्तुशांत. आज आले तर आले, नाहीतर यापेक्षा मोठं निमित्त मी आणणार कुठून?

आणि ते आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, पायात पॉलिश केलेले बूट आणि खांद्यावर मोळी. रिक्षावाला सुटे पैसे परत देताना त्यांच्याकडे टकामका बघत होता.

"मुहूर्त टळला नाही ना?" अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांनी समोर आल्यावरचं पहिलं वाक्य हे.

"नाही. या ना."

"निपाणीत गाडीनं वेळ खाल्ला. कंडक्टर मोळी आत घेईना. टपावर टाका म्हणाला. मी म्हटलं, वाटेत पडली तर तू आणून देणार आहेस का? शेवटी मांडीवर घेऊन बसलो."

माझ्या अप्पांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून तुम्हाला यातलं नवल कळायचं नाही. गडहिंग्लजच्या हायस्कुलात ते जन्मभर इंग्रजी शिकवत आले. बेळगुद्री सर बाजारात भाजी घ्यायला गेले तरी शर्टाची इस्त्री मोडायची नाही. पिशवीसुद्धा ते अशी धरत की जणू ती दुसऱ्याची आहे. त्या माणसानं गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंत लाकडं मांडीवर घेऊन यावं, हे मला डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नव्हतं.

त्यांना एक वेड होतं. इंग्रजी वाक्प्रचार कुठून आला, कुणाच्या घरात जन्मला, हे शोधत बसायचं. शनिवारचा शेवटचा तास त्यासाठी राखलेला. त्यातही घराचे वाक्प्रचार त्यांच्या फार लाडाचे. म्हणायचे, परक्या भाषेत शिरायचं तर आधी तिच्या स्वैपाकघरात जाऊन बसा. 'टिल द काउज कम होम' हे ते स्वतः गाय होऊन, रेंगाळत, फळ्यापासून दारापर्यंत चालून दाखवत. तिकडच्या गाई चरायला सोडल्या की धार काढायच्या वेळीच डुलत डुलत परतायच्या, म्हणून 'गाई घरी येईतो' म्हणजे बराच वेळ. 'ऑन द हाऊस' सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा, कारण त्यातलं हाऊस म्हणजे दारूचं दुकान आणि मालकानं आपल्याकडून फुकट पाजलेला पेला. 'ब्रिंग होम द बेकन' म्हणजे घरी कमाई आणणे, एवढं सांगून ते पुढे सरकत. बेकन म्हणजे काय हो सर, असं कुणी मुद्दाम विचारलं तर म्हणत, "एक खाद्यपदार्थ." आम्ही लिंगायत. डुकराचं मांस हा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि पोरांना ते पक्कं माहीत होतं.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. रोज जेवताना ते मला एखादा वाक्प्रचार सांगत आणि मी भाकरी मोडत ऐकत असे. मग मला शिरोलीच्या एका फाउंड्रीत ऑफिसची नोकरी लागली, तिथे हेमंत खराडे सुपरवायझर होता, आणि पुढचं काय ते तुम्ही ओळखलंच असेल. तो मराठा, घरात आठवड्याला मटण. अप्पा चिडले असते तर मी भांडले तरी असते. ते नुसतं म्हणाले, "तू शहाणी आहेस." रजिस्टर लग्नाला आले नाहीत. दर महिन्याला मी अप्पांच्या शेजारच्या दुकानात फोन लावायची, दुकानदार त्यांना बोलावून आणायचा. "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे." संपलं. वाक्प्रचार एकही नाही. मला त्याचंच फार वाईट वाटायचं. फोन ठेवला की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन डोळे पुसायची.

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला हेमंत स्वतः गडहिंग्लजला गेला होता. अक्षता हातात द्यायच्या, पाया पडायचं आणि काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून गेला. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं.

"घेतल्या अक्षता?"

"घेतल्या. दारातच. आत ये म्हणाले नाहीत."

"काही बोलले?"

"एकच विचारलं. खोल्या किती आहेत."

"तू काय सांगितलंस?"

"तीन, आणि स्वैपाकघर. हं म्हणाले आणि आत गेले."

जावयाची ऐपत मोजली, असंच आम्हाला वाटलं. मला त्यांचा राग आला आणि हेमंतची दया आली.

तर ते अप्पा आता दारात उभे होते. आक्कांनी ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं. "पयल्यांदा येत्यात. आलेच तर ओवाळून आत घ्यायचं," असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. आल्याची चाहूल लागली तशा त्या ताट घेऊन निघाल्या. इकडे अप्पांनी मोळी खांद्यावरून उतरवली आणि उंबऱ्यासमोर, रांगोळीला लागून ठेवली.

"अगं बया बया! लाकडं?"

हे मुरगूडच्या काकींचं. हेमंतच्या चुलती. पाहुण्यांत त्याच पुढे बसलेल्या. त्यांच्या ओरडण्यानं बाकीच्या बायकाही उठल्या, आत गुरुजींचा मंत्र मध्येच थांबला. आक्का दारापर्यंत आल्या, त्यांनी खाली बघितलं आणि त्यांच्या तोंडाचा रंगच गेला. ताट त्यांनी जवळच्या कट्ट्यावर टेकवलं आणि त्या मागे फिरल्या.

"भरल्या घराच्या दारात लाकडं टाकायला आला व्हय तुमी?" काकींनी अप्पांना गाठलं. "एवढा राग हुता तर यायचंच न्हाई! शाप द्यायचा तर तोंडानं द्यायचा की मग, लाकडं कशाला?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं गिरिजा?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि मलाही कळायला क्षणभर लागलाच. एका बाईनं दुसरीच्या कानात सरण म्हटलं ते ऐकलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आक्कांच्या गावात मयत झालं की घराघरातून लाकूड येतं आणि दारात ढीग पडतो. सासरे गेले त्या दिवशी असाच ढीग पडलेला, हे आक्कांनीच मला एकदा सांगितलेलं. पण ते मी नुसतं ऐकलं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आईला आम्ही मातीत बसवलं होतं, तिच्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवून. आमच्या घरात लाकडाची दोनच कामं, चूल आणि अंघोळीचा बंब. मोळीकडे बघून दचकायचं असतं, हे आम्हा बाप-लेकीला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी अप्पांच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "अप्पा, यांच्यात लाकडं कुणी गेल्यावर आणतात. सरणाला."

त्यांचा चेहरा बघवेना. वर्गात कुणा पोरानं चूक दाखवली तर हसून मान डोलवणारा हा माणूस, तो पार शरमून गेला होता. "अरेरे," ते म्हणाले. "अरेरे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी वाकून मोळी उचलली. "बाईंना सांग, म्हातारा चुकला. मी निघतो."

"आता उचलून काय उपेग?" काकी म्हणाल्या. "दाराला लागायची ती लागली की."

तेवढ्यात हेमंत पूजेवरून उठून बाहेर आला, उघड्या अंगानं, कद नेसलेला, खांद्यावर पंचा, हाताला हळदीकुंकू. त्यानं मोळीचं दुसरं टोक धरलं.

"अप्पा, खाली ठेवा."

"नको. सोडा."

"ठेवा म्हणतो ना."

"सोडा हो. कार्य आहे तुमच्याकडे, उगाच..."

दोघंही ओढत होते. सासरा एकीकडे, जावई दुसरीकडे, मध्ये जांभळीची लाकडं. दुसऱ्या कुणाच्या दारात असतं तर मी पोट धरून हसले असते. पण हे माझंच दार होतं. आता हे गेले तर पुन्हा येणार नाहीत, फोनवरचं 'बरा आहे'सुद्धा बंद होईल, आणि इथे आक्का मला काही बोलणार नाहीत पण ही मोळी विसरणारही नाहीत. दोन्ही घरं एकदमच हातची जाताना मला दिसत होती.

"अप्पा!" माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "जायचं तर जा. पण का आणलं ते सांगून जा. आक्कांना सांगून जा."

आक्का आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. अप्पांनी मोळी सोडली नाही, पण ओढायचं थांबवलं. चष्मा वर केला. आणि मग ते आक्कांकडे बघून बोलायला लागले.

"बाई, मी मुद्दाम काही... माझ्या मनात असलं काही नव्हतं. आमच्यात माणूस गेला की लाकूड लागत नाही, म्हणून सुचलं नाही. ते जाऊ द्या. त्याचं असं आहे की, मुलीच्या घराला काहीतरी न्यावं, हे माझ्या मनात होतं. काय न्यावं तेच ठरेना. तुमच्या रीतीनं आहेर आणावा, तर तुमची रीत मला ठाऊक नाही. आमच्या रीतीनं आणावा, तर तुम्ही म्हणाल, लग्नाला आला नाही आणि आता आपलंच पुढे दामटतोय. बरेच दिवस विचार केला. मग म्हटलं, तिसऱ्याच मुलखाची रीत घ्यावी. तिथे आपण दोघंही पाहुणे."

"कुठला मुलूख?" आक्कांनी विचारलं. एवढंच, पण विचारलं.

"इंग्रजांचा. ते वास्तुशांतीला हाऊस-वॉर्मिंग म्हणतात. म्हणजे घराला ऊब देणं. त्यांच्याकडे थंडी फार. नवं घर म्हणजे नुसत्या गार भिंती. मग पूर्वी काय करायचे, तर घर बघायला येणारा प्रत्येक जण लाकूड घेऊन यायचा. प्रत्येक खोलीत आगटी असायची, ती पेटवायचे. सगळ्या खोल्या गरम झाल्या की मग ते घर माणसांना राहण्यासारखं व्हायचं. आता तिकडेही कुणी लाकूड आणत नाही म्हणा. शब्द तेवढा राहिला."

मला एकदम हेमंतची गडहिंग्लजची फेरी आठवली. "म्हणून खोल्या विचारल्यात?"

"मग? कमी पडायला नको." ते ओशाळून म्हणाले. "परसातल्या जांभळीची फांदी पडली होती वादळात. तीच फोडली. चांगली वाळलेली आहे, धूर कमी होईल."

हेमंतनं मान खाली घातली. माझ्यासारखाच तोही त्या प्रश्नावर किती दिवस जळत बसला होता.

"साहेबाचं साहेबापाशी," काकी पुटपुटल्या. "आपल्या दारात आपलं बघायला नको?"

"तू गप गं जरा." आक्का चौकटीपासून पुढे आल्या. अप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या मालकिणीला मग..."

"मातीत बसवलं. आमच्याच रानात. वर पारिजातक लावलाय."

"लाकूड न्हाईच?"

"काडीसुद्धा नाही."

आक्का मोळीकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला अजूनही नेमकं सांगता येणार नाही. नवरा आठवत असेल, कदाचित पारिजातकाचा विचार असेल. मग त्यांनी पदर खोचला.

"हेमंता, त्या कडच्या विटा आण. बांधकामाच्या उरल्यात बघ, चांगल्या बघून आण."

"विटा?"

"दूध उतू घालायचंच हाय की. आत गॅसवर घालणार हुतो, हितं घालू. लाकूड जळायचं ते दुधाखाली जळू दे. मोकळं होतंय सगळं." आणि अप्पांकडे वळून, "ज्यानं आणलं त्यानं पेटवायचं. येतंय न्हवं?"

"बंब पेटवतो मी रोज," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका जीव आला होता की मला रडू आवरेना.

अंगणात विटांची चूल मांडली गेली. अप्पा बूट काढून, पँट गुडघ्यापाशी किंचित वर ओढून उकिडवे बसले. काडेपेटी कुणी तरी दिली. पहिल्या दोन काड्या वाऱ्यानं विझल्या तेव्हा हेमंतनं खांद्यावरचा पंचा पसरून आडोसा केला. जांभळीनं पेट घेतला. शर्टाच्या इस्त्रीचं काय झालं ते मी बघितलं, त्यांनी बघितलं नाही. आक्कांनी पितळेचं नवं पातेलं आणून चुलीवर ठेवलं. दूध वर आलं, आलं, आणि पूर्वेच्या बाजूनं उतू गेलं. निखारे फसफसले, बायका "गेलं, गेलं" करून ओरडल्या, आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण ओरडलं असेल तर मुरगूडच्या काकी.

आक्कांनी वाटीत दूध ओतलं आणि पहिली वाटी अप्पांपुढे धरली.

आमच्या घरातला सोवळेपणा मला ठाऊक होता. मटणाच्या घरचं पाणीदेखील अप्पांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. शाळेच्या सहलीला गेले तरी तांब्या बरोबर असायचा. आक्कांनाही ते कुठून तरी कळलेलं असावं, कारण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पातेलं नवं हाय. वाटीबी नवी हाय. ह्या घरात अजून काही शिजलेलं न्हाई."

अप्पांनी वाटी घेतली. "शिजलेलं असतं तरी काय झालं असतं," ते म्हणाले, आणि एका दमात दूध प्यायले. मग ओठ पुसून मला म्हणाले, "साखर विसरलात."

मी हसले, आणि हसता हसता माझं नाक वाहायला लागलं. हेमंत माझ्याकडे बघत होता आणि माझ्यापेक्षा त्याचीच अवस्था वाईट होती.

पुढे आक्कांनीच चुलीतले निखारे धुपाटण्यात घेतले, वर ऊद टाकला आणि ते अप्पांच्या हातात दिलं. "फिरवा खोल्यांतनं. तुमच्या साहेबाचंबी राहायला नको." अप्पा धूर घेऊन खोलीखोलीत फिरले. मी मागोमाग. बाहेरची खोली, झोपायची खोली, आक्कांची खोली. प्रत्येक कोपऱ्यात धुपाटणं नेत, खिडकी कुठे आहे, ऊन कुठून येतं, हे विचारत. स्वैपाकघरात आले तेव्हा ओट्यापाशी क्षणभर थांबले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "ओटा उंच आहे. पाठीला बरा."

गुरुजींनी राहिलेली पूजा उरकली. त्यांना अर्थात दुसरीकडे जायचं होतं आणि त्यांनी तसं दोनदा सांगितलंही.

आचाऱ्याकडून करून आणलेल्या पुरणपोळीच्या पंगतीत आक्कांनी अप्पांना हेमंतशेजारी बसवलं. पोळीवर तूप पडलं तसे अप्पा खुलले. हेमंतनं भीत भीत विचारलं, "घराचं असं आणखी काय काय आहे अप्पा, इंग्रजीत?" आणि मग काय, शनिवारचा शेवटचा तास सुरू झाला. मी वाढायचं थांबून दारात उभी राहिले. तीन वर्षांत हे मी ऐकलं नव्हतं.

"ब्रिंग होम द बेकन," अप्पा म्हणाले. "घरी कमाई घेऊन येणं. त्याचं मूळ नक्की कुणाला सांगता येत नाही, पण एक गोष्ट सांगतात. इंग्लंडात डन्मो नावाचं गाव आहे. तिथे जुनी चाल होती. लग्नाला एक वर्ष आणि वर एक दिवस झाला, आणि नवरा-बायकोनं शपथेवर सांगितलं की आम्हाला या लग्नाचा एकदाही पस्तावा झाला नाही, तर त्यांना गावाकडून बक्षीस मिळायचं."

"काय मिळायचं?" काकींनी विचारलं.

अप्पांनी घास गिळला. "डुकराचं खारवलेलं मांस. अख्खी एक बाजू."

माझ्या हातातली तुपाची वाटी कलंडता कलंडता वाचली. शाळेतली कितीतरी पोरं हा शब्द त्यांच्याकडून वदवून घ्यायला टपलेली असायची. तो शब्द त्यांनी इथे, खराड्यांच्या पंगतीत, पुरणपोळी खाता खाता सांगून टाकला होता.

"मग आमच्या दोघांस्नी मिळालं असतं की," आक्का म्हणाल्या. "वर्ष काय, तीन झाली."

"काय मिळतंय!" काकी लगेच. "सोमवारीच भांडत हुती की पडद्यांच्या रंगावरनं."

"भांडण चालतं," अप्पा म्हणाले. "पस्तावा नको." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नाही ना?"

"नाही अप्पा," मी म्हटलं.

"मग झालं," ते म्हणाले आणि आणखी एक पोळी वाढ म्हणून हात पुढे केला.

जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत जमिनीवरच ते आडवे झाले. उशीला हेमंतचा टॉवेल. थोड्याच वेळात घोरायला लागले. मी लहानपणापासून ते घोरणं ओळखते. आधी शिट्टी, मग गडगडाट. पाहुण्यांची पोरं हसायला लागली तशी काकींनीच त्यांना दटावून अंगणात पिटाळलं. "पावणं झोपल्यात, कळत न्हाई व्हय?" मी भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. छातीवर कित्येक दिवस ठेवलेलं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

दिवेलागणीला ते दचकून उठले. बाहेर उजेड कमी झालेला बघून त्यांनी घाईनं चष्मा शोधला.

"गाडी?"

"गेली," हेमंत म्हणाला. माझ्याकडे न बघता.

निपाणीमार्गे आणखी एक गाडी होती. हेमंतला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि जन्मभर त्या रस्त्यानं ये-जा केलेल्या अप्पांना तर ते तोंडपाठ होतं.

त्यांनी चष्मा घातला. शर्टावरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करून बघितल्या, त्या काही जाईनात.

"असं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हेमंतराव, तुमचा एखादा लेंगा असेल का? मी राहायच्या तयारीनं आलो नव्हतो."

हेमंतराव धावतच आत गेले. मी पाठोपाठ स्वैपाकघरात शिरले आणि ओट्याला टेकून जे रडायला लागले ते थांबेचना. आक्का भांडी आवरत होत्या. त्या घाबरल्या.

"आता आणि काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "अप्पांना ह्यांचा लेंगा लांब होईल."